डोया

मंगरूळपीरहून ऑटोत, कडब्याच्या पेंढीला टेकवून
पेटी आली एकदाची.
ढोरे सरांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं,
कपाटाला कुलूप लावलं
आणि किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाले,
'बाई, पहिलीच्या पोट्ट्यायले हात नका लावू देऊ.
चौथीत गेले की पाहू.'

मी मान हलवली.
जुन्या साडीच्या पदराचं झाकण शिवलं,
कडेनं नाडी ओवली.
भीती मलाही होतीच.
घरी माझा पुतण्या, चार वर्षांचा,
मोबाइल समोर नसला तर घास गिळत नाही,
वरणाच्या बोटानं
भिंतीवरची पाल सरकवू पाहतो.

पण झाकलेली वस्तू आणि पहिलीचा वर्ग
एका खोलीत नांदत नाहीत.
वेचणीच्या दिवसांत आया पहाटेच वावरात जातात,
पोरं आठालाच येऊन पायरीवर बसतात
आणि माझ्या कमरेची किल्ली वाजते ती ऐकतात.
सुजलनं विचारलं,
'बाई, त्याच्यात कोन निजलं हाये?'

मग मी सरांना न सांगता
आधी पटांगणात काढला संगणक.
खडूचा चौकोन, चिंचोक्यांच्या कळा,
उंदीर म्हणून एक गोटा, त्याला सुतळीची शेपटी.
आठवडाभर पोरं त्यावर बातम्या वाचत होती:
किसनाची बकरी व्याली, दोन पाठी, एक बोकड.
टाकीत पानी आलं.
मधेच कुणी ओरडायचं, 'लाइट गेली!'
की सगळ्यांनी डोळे मिटायचे.

तरी किती वय म्हणजे पुरे, मला कळेना.
प्रशिक्षणात सांगितलं होतं, रोज वीस मिनिटं,
पाठ ताठ, पडदा हातभर लांब.
खुर्ची एकच होती.
आणि वीस मिनिटं कोणती, ते वीज ठरवायची.

झाकण काढलं त्या दिवशी
बाकीचे खऱ्या उंदरामागे लागले,
बाण कुठं पळतो, कुठं लपतो.
श्रावस्ती खंडारे मागं थांबली होती.
गर्दी सरल्यावर आली,
फ्रॉकला हात पुसले, दोनदा.
तिला लिहायचं होतं.
तिच्या आईच्या डोळ्यात पऱ्हाटीची काडी गेलेली,
पंधरा दिवस पट्टी, काल सुटली.

कोंबडी ज्वारी टिपते तसं
एक एक अक्षर शोधत, एका बोटानं
तिनं लिहिलं:
मायचा डोया बरा झाला.

डोयाखाली लाल, वळवळती रेघ उमटली.
'बाई, गोम!' सुजल ओरडला.
श्रावस्तीचं बोट मागं आलं.
'चुकलं का जी?'

ती रेघ मी ओळखत होते.
माझ्याच पेनातली होती.
किती पाट्या पुसल्या मी,
डोळा म्हण, केळं म्हण,
काळी म्हण गं, कायी नाही.
पण हे तिचं यंत्राशी पहिलं बोलणं
आणि डोया खरंच बरा झाला होता.

तिच्या हातावर हात ठेवून
मी शब्दावर उजवं बटण दाबलं.
यादी उघडली. शब्दकोशात जोडा.
'दाब,' म्हटलं.
गोम गेली.
खालच्या ओळीत आम्ही डोळाही लिहिला.
दोन्ही राहू दिले.

ढोरे सर दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे.
वाटलं, आता किल्ली मागतील.
ते चष्मा पुसत राहिले थोडा वेळ.
'केयं बी टाका त्यात,' म्हणाले,
'आन् मंगरुय.'

तेवढ्यात लाइट गेली.
पोरांनी सवयीनं डोळे मिटले.